भोक मोठं करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल कारची बॉडी वाकडी बसली तर काय करायचं? आमच्या पैठणमध्ये, आणि छत्रपती संभाजीनगरातही, या प्रश्नाला ठरलेली उत्तरं मिळतात. भोकं थोडी मोठी करा आणि बॉडी सरकवून बसवा. टायर जिथे घासतो तिथली कमान कापून टाका. ऊन लागून बॉडी वाकली असेल, गरम करून सरळ करा. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं उत्तर : खेळणंच आहे, धावतंय ना, मग दिसण्याचं काय एवढं!

ही उत्तरं देणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांच्यात जुने हौशी आहेत, वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले कारागीर आहेत, मुलांसाठी पदरमोड करून गाडी घेणारे पालक आहेत. म्हणूनच त्यांचं म्हणणं एकेक करून तपासलं पाहिजे. चुकीचा सल्ला जाणत्या माणसाच्या तोंडून आला की तो कुणी तपासत नाही, आणि शिकणारं पोर तोच नियम समजून पुढे जातं.

माझी भूमिका सरळ आहे. बॉडी वाकडी दिसते, तेव्हा गाडीत कुठेतरी माप चुकलेलं असतं. ते कुठे चुकलं हे शोधायच्या आधी ब्लेड हातात घेणं ही दुरुस्ती नाही, ती चूक झाकण्याची घाई आहे. माप चाकाच्या आसापासून सुरू करायचं, बॉडीच्या भोकापासून नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. नाथषष्ठीच्या यात्रेत मिळणारी रिमोटची गाडी आणि हौशी लोक चालवतात ती 1/10 प्रमाणाची गाडी यांत मोठा फरक आहे. यात्रेतल्या गाडीची बॉडी जाड, कडक प्लास्टिकची, खालून स्क्रूने आवळलेली असते. कारखान्याने दिलेल्या जागेवरच ती बसते. हौशी गाडीची बॉडी पॉलिकार्बोनेटच्या पातळ पत्र्याची असते. तापवलेला पत्रा साच्यावर हवा खेचून बसवतात, त्यातून आकार येतो. ती पारदर्शक मिळते, रंग आतून द्यायचा असतो, चाकांच्या कमानी आपण कापायच्या असतात, आणि बरेचदा भोकंही आपणच पाडायची असतात. चॅसीवर चार उभे पोस्ट असतात, बॉडी त्यांच्यावर टेकते आणि वरून क्लिपा लागतात. म्हणजे बॉडी कुठे बसणार हे कारखाना ठरवत नाही, चालवणारा ठरवतो. सगळा वाद इथूनच सुरू होतो.

आता पहिला सल्ला घेऊ : भोकं मोठी करा.

भोक मोठं केल्यावर बॉडी सरळ बसते हे खरं आहे. पण ती टेबलावर सरळ बसते. गाडी धावायला लागली की तिला धरून ठेवणारं काही उरत नाही. ब्रेक लागला की बॉडी पुढे सरकते, वेग घेतला की मागे, वळणावर बाजूला. क्लिप बॉडीला वर उचलू देत नाही, पण आडवी सरकण्यापासून ती फारशी अडवत नाही. ते काम भोकाच्या कडेचं आहे, आणि ती कडच आपण कापून टाकलेली असते. शिवाय मोकळ्या भोकाची कड पोस्टवर सारखी आपटते, लांबट होते आणि तिथूनच चीर सुरू होते. ब्लेडने घाईत वाढवलेल्या भोकाला कोपरे राहतात आणि चिरेला सुरुवात करायला कोपरा पुरतो. महिन्याभरात तेच भोक पुन्हा मोठं करायची पाळी येते.

यावर अनुभवी माणूस म्हणतो, ‘अरे, पण थोडी मोकळीक तर लागतेच!’ लागतेच, यात वाद नाही. प्रश्न मोकळीक कुठे, कोणत्या दिशेने आणि किती, हा आहे. वाळूजच्या कारखान्यांत फिक्स्चर बनवणाऱ्या कुणालाही विचारा. एखादी वस्तू जागेवर पक्की धरायची तर तिच्या सहा हालचाली बंद कराव्या लागतात, तीन सरळ रेषेतल्या आणि तीन फिरण्याच्या. त्यासाठी तळाला तीन टेकू, एका बाजूला दोन, टोकाला एक अशी रचना करतात. कारागीर तिला 3-2-1 म्हणतात. वस्तू दोन भोकांवर बसवायची असेल तर एक पिन पूर्ण गोल ठेवतात आणि दुसरी दोन बाजूंनी तासतात. दोन्ही गोल आणि घट्ट ठेवल्या तर दोन भोकांमधल्या अंतरात केसभर फरक पडला तरी वस्तू बसत नाही. दोन्ही सैल ठेवल्या तर ती कुठेही बसते.

हाच नियम आपल्या चार पोस्टना लावा. पुढचं एक भोक पोस्टच्या मापाचं, नेमकं गोल. त्याच बाजूचं मागचं भोक गाडीच्या लांबीच्या दिशेने किंचित लांबट, रुंदीच्या दिशेने मात्र नेमकं. उरलेली दोन थोडी सैल, त्यांनी फक्त बॉडीला आधार द्यायचा. आता बॉडी पुढे-मागे सरकत नाही, फिरत नाही, आणि धडक बसली तर वाकून पुन्हा जागेवर येते. चारही भोकं मोठी करण्याचा सल्ला यासाठीच चुकीचा आहे की तो मोकळीक देतो, पण जागा ठरवत नाही. आणि चारही भोकं घट्ट ठेवा म्हणणाराही तितकाच चुकतो. त्याची बॉडी पहिल्या जोराच्या धडकेत एखाद्या पोस्टपाशी फाटते.

दुसरा सल्ला : टायर घासतो तिथे कमान कापा.

टायर का घासतो? याची कारणं एक नाहीत. बॉडी आणि चॅसी यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, वेगळा असू शकतो. रस्त्यावरच्या 1/10 टूरिंग गाड्यांमध्ये 257 मिलिमीटर हे माप रूढ आहे. त्याहून लहान एम प्रकारच्या चॅसी 210, 225 आणि 239 मिलिमीटरच्या येतात. 239 च्या चॅसीवर 257 ची बॉडी घातली तर पुढची कमान जुळवल्यावर मागची 18 मिलिमीटर चुकणारच. दुसरं कारण रुंदीचं. 190 मिलिमीटर रुंद बॉडीखाली जास्त बाहेर निघणारी चाकं लावली की वळताना टायर कडेला लागतो. तिसरं, एखादा पोस्ट धडकेत कललेला असतो किंवा तो ज्यावर बसवला आहे त्या शॉक टॉवरचा स्क्रू ढिला असतो. चौथं, डाव्या आणि उजव्या स्प्रिंगचा ताण सारखा नसतो, म्हणून चॅसीच एका बाजूला झुकलेली असते आणि दोष बॉडीच्या माथी जातो. पाचवं, रिमोटवरचा स्टिअरिंगचा ट्रिम सरकलेला असतो. पुढची चाकं जराशी वळून उभी असतात आणि कमानीत ती मधोमध नसल्याचा भास होतो. सहावं, क्लिपेचं छिद्र एका पोस्टवर एक घर वर आणि दुसऱ्यावर एक घर खाली लागलेलं असतं.

या सहांपैकी एकाही कारणावर कमान कापणं हा उपाय नाही. दार अडतं म्हणून दारच तासत बसायचं आणि चौकट ओळंब्यात आहे का हे बघायचंच नाही, तसा हा प्रकार आहे. कापलेली कमान चूक दिसेनाशी करते. पोस्ट वाकडाच राहतो, स्प्रिंग असमानच राहते, आणि पुढच्या बॉडीलाही तोच रोग लागतो.

कमान कापणं कधी योग्य असतं तेही सांगतो. गाडी मातीत चालवायची आहे, मोठे टायर लावले आहेत, चॅसी आणि बॉडी यांची मापं पडताळून झाली आहेत, आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून चाक पूर्ण वळवल्यावरही टायर लागतो. तेव्हा दोन्ही बाजूंना सारखं माप आखून कमान मोठी करावी. ते विचार करून केलेलं काम आहे. माझा विरोध आधी कापून मग विचार करण्याला आहे.

तिसरा सल्ला उन्हाचा, आणि तो आपल्या भागात फार ऐकू येतो. मराठवाड्याच्या उन्हाने बॉडी वाकली, आता गरम करून सरळ करू. पॉलिकार्बोनेट 147 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागतं. वैशाखात पैठणला पारा 42-43 पर्यंत जातो. त्या उन्हात पॉलिकार्बोनेटचा आकार बदलत नाही, आणि उकळत्या पाण्यात धरलं तरी हवा तसा नवा आकार घेत नाही. हीटगनने त्याला 150 अंशांपर्यंत न्यायचं म्हणजे पत्र्याला फोड येणार, आतला रंग जाणार आणि जवळची कड आक्रसणार. स्वस्तातल्या काही बॉडी पॉलिकार्बोनेटच्या नसून पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ होतं, म्हणून उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत अशी बॉडी ठेवायची नाही. पण आधी बॉडी कशाची आहे हे बघा, मग उन्हाला दोष द्या. पॉलिकार्बोनेटचा खरा शत्रू उन्हाची उष्णता नाही, रसायन आहे. थिनर, पेट्रोल, स्क्रू पक्के करण्याचं द्रव यांचा स्पर्श झाला की त्याला बारीक चिरा पडतात. भोकाजवळची बॉडी थिनरने पुसणारा माणूस तिथेच पुढची फाट पेरत असतो.

आता ज्या सल्ल्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. ‘खेळणं आहे. दिसण्याचं काय एवढं?’

दिसण्याचंच सांगतो. 1/10 ची गाडी चालवणारा तिच्यात बसलेला नसतो. तो लांब उभा असतो, आणि पंधरा-वीस मीटरवरून त्याला चाकं नीट दिसत नाहीत, बॉडी दिसते. गाडीचं तोंड कुठे आहे हे तो बॉडीवरून ओळखतो आणि त्यावरून बोट हलवतो. बॉडीचं मागचं टोक 257 मिलिमीटरच्या अंतरात 5 मिलिमीटर बाजूला सरकलं तर साधारण 1.1 अंशाचा फरक पडतो. 20 मीटरवर त्याचा अर्थ सुमारे 39 सेंटीमीटर. गाडी एका दिशेला चाललेली असते आणि डोळा 39 सेंटीमीटर बाजूची जागा सांगतो. मग चालवणारा रिमोटवरचा ट्रिम फिरवतो, बॉडीची चूक स्टिअरिंगमध्ये घालतो, आणि सरळ असलेली चाकंही वाकडी करून ठेवतो. कमानीला घासणारा टायर गाडीचा वेग खातो, मोटर तापवतो, स्टिअरिंग फिरवणाऱ्या सर्वोवर भार टाकतो, आणि वळणावर बॉडीची कड टायरखाली ओढली गेली की गाडी उलटते. इथे दिसणं आणि चालणं वेगळं काढता येत नाही.

आणि खेळणं म्हणून हिणवायचं असेल तर या खेळण्याचा इतिहास बघा. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1976 साली 1/12 प्रमाणाची रेडिओवर चालणारी पोर्श 934 बाजारात आणली. त्या मॉडेलसाठी कंपनीने खरी पोर्श 911 विकत घेतली आणि सुटी करून पाहिली. खऱ्या गाडीचे भाग एकमेकांवर कसे बसतात हे पाहिल्याशिवाय लहान गाडी बनवायची नाही, ही त्यामागची शिस्त होती. बॉडी म्हणून आज वापरतो ते पॉलिकार्बोनेट जर्मनीत बायर कंपनीत आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये एकाच वर्षी, 1953 मध्ये, स्वतंत्रपणे सापडलं. एवढं शोधकाम ज्या वस्तूमागे आहे, तिला सरळ बसवायला अर्धा तास द्यायला आपण तयार नसू, तर उणीव वस्तूत नाही.

पैठणच्या माणसाने तर ‘दिसण्याचं काय’ असं म्हणूच नये. सातवाहनांच्या या राजधानीत, आणि तेरला, दोन साच्यांत घडवलेल्या पोकळ मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या आजही पाहता येतात. पुढचा अर्धा भाग एका साच्यात दाबायचा, मागचा दुसऱ्यात, आणि माती ओली आहे तोवर दोन्ही जुळवायचे. सांधा सरकला तर मूर्ती नुसती बेढब होत नाही, ती सांध्यावर कमजोरही राहते, आणि एकदा भाजली की तिला सरकवता येत नाही. जे काही जुळवायचं ते भट्टीच्या आधी. पॉलिकार्बोनेटला भोक पडलं की तेही मागे घेता येत नाही. म्हणून माप भोकाच्या आधी घ्यायचं असतं.

मग योग्य रीत कोणती? ती अवघड नाही, फक्त तिचा क्रम मोडायचा नाही.

जाड काचेच्या तुकड्यावर गाडी ठेवा, कारण घरची फरशी सपाट असेलच याची खात्री नसते. रिमोट आणि गाडी चालू करून ट्रिम शून्यावर आणा, पुढची चाकं सरळ करा. चॅसीची जमिनीपासूनची उंची चारही कोपऱ्यांत स्टीलच्या पट्टीने मोजा. डावी-उजवी सारखी नसेल तर आधी स्प्रिंगचा ताण जुळवा. चारही पोस्ट गुण्या लावून उभे आहेत का बघा, वाकडा असेल तो बदला, टॉवरचे स्क्रू आवळा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा, आणि बॉडीवरच्या कमानींच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ही मापं जुळत नसतील तर तिथेच थांबा. ती बॉडी त्या चॅसीची नाही, आणि कोणतंही भोक ती जुळवणार नाही.

मापं जुळली तर बॉडी चॅसीवर धरा. आधी कमानींचे मध्य आसांच्या टोकांवर आणा, मग बॉडीची मधली रेषा चॅसीच्या मधल्या रेषेवर आणा, मग खालची कड जमिनीपासून दोन्ही बाजूंना सारखी करा. चिकटपट्टीने बॉडी तशीच धरून ठेवा. बॉडी अजून रंगवलेली नसेल तर पोस्टची टोकं आरपार दिसतात, वरून खूण करा. रंगवलेली असेल तर पोस्टच्या टोकांना मार्करची ओली शाई लावा आणि बॉडी अलगद टेकवा, खूण आतून उमटते. खुणेवर बारीक छिद्र पाडा आणि शंकूच्या आकाराच्या रीमरने हळूहळू वाढवा, दर वेळी पोस्टवर लावून बघत. रीमर गोल भोक करतो, कोपरे ठेवत नाही.

जुनी भोकं चुकीच्या जागी असतील तर ती मोठी करू नका, बुजवा. कमान कापताना उरलेला पॉलिकार्बोनेटचा तुकडा जपून ठेवा, तो आतून लवचीक गोंदाने चिकटवा, फाट असेल तर त्यावर जाळीची पट्टी घाला, आणि नवं भोक त्या तुकड्यातून योग्य जागी पाडा. झटकन चिकटणारा कडक गोंद इथे कामाचा नाही. तो कडकच राहतो आणि पुढच्या धडकेत सुटतो.

यावर शेवटचा आक्षेप येतो : एवढी खटपट कोण करणार, नवी बॉडी मागवू. नवी बॉडी बरेचदा भोकं न पाडलेली येते. ज्या हाताने जुनी बॉडी अंदाजाने भोसकली, तोच हात नवीही भोसकणार, आणि पोस्ट तर तोच वाकडा आहे. पैसे जातात, प्लास्टिकचा कचरा वाढतो आणि मूल काहीच शिकत नाही. उलट ते एक वाईट गोष्ट शिकतं : जुळत नाही ते फेकायचं.

माझ्या आग्रहाचं मोठं कारण हेच आहे. बिडकीन आमच्या पैठण तालुक्यात आहे. 2024 साली एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर या कंपन्यांनी आपल्या कारखान्यांसाठी बिडकीन निवडलं. टोयोटाचा राज्य सरकारशी करार त्या वर्षीच्या जुलैत झाला. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे, शेंद्र्याला स्कोडाने 2001 साली गाड्या जोडायला सुरुवात केली. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूलरूम साचे आणि डाय घडवायचं शिक्षण देते. चॅसीवर बॉडी नेमकी बसवणं, ती का बसत नाही हे मापाने शोधणं, मूळ बिंदू कोणता धरायचा हे ठरवणं, यावर या भागातल्या हजारो घरांची चूल पेटते. 1/10 च्या गाडीवर 5 मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबात 5 सेंटीमीटर. कोणत्याही कारखान्याच्या दारातून अशी गाडी बाहेर पडणार नाही. तो फरक चालवून घ्यायला आपण घरात मुलांना शिकवायचं, आणि त्याच मुलांनी उद्या बिडकीनच्या दारात उभं राहून काम मागायचं, यात मेळ बसत नाही.

कुणी म्हणेल, चौदा वर्षांच्या पोरावर कारखान्याचं ओझं कशाला? ओझं टाकायचं नाहीच. खेळ खेळच राहू द्या. पण मापाने खेळलेला खेळ जास्त आनंद देतो, हे ज्याने गाडी पहिल्यांदा सरळ रेषेत धावताना पाहिली त्याला सांगावं लागत नाही. अंदाजाने जमलेलं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा जमेलच असं नाही. मोजून केलेलं जमतं, आणि दुसऱ्याला शिकवताही येतं.

तेव्हा पालकांना, शाळेतल्या विज्ञानशिक्षकांना आणि गाड्या दुरुस्त करून देणाऱ्या आमच्या कारागीर मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. वाकडी बसलेली बॉडी घेऊन मूल तुमच्याकडे आलं की त्याच्या हातात ब्लेड देऊ नका. काचेचा तुकडा, स्टीलची पट्टी आणि गुण्या द्या. आसापासून मोजायला लावा, कारण शोधू द्या, आणि कारण सापडल्यावरच भोक पाडू द्या.